नमुना घ्यायला आलेला माणूस

लेस्टरच्या हॉस्पिटलातली लॅबची नोकरी मी वेळेआधी सोडली तेव्हा बायकोला वाटलं, आता हा माणूस घरी बसून टोमॅटो लावील. मी लावलेही. पण ज्याचं आयुष्य रक्ता-लघवीच्या बाटल्यांत गेलंय त्याला टोमॅटो किती दिवस पुरणार? एका जुन्या सहकाऱ्याने सांगितलं की खेळाडूंनी उत्तेजक औषधं घेतलीत का हे तपासणाऱ्या संस्थेला अर्धवेळ माणसं हवी आहेत. मी अर्ज केला, ट्रेनिंग झालं, गळ्यात ओळखपत्र आलं, आणि मी पहाटे उठून अनोळखी लोकांच्या दारात उभा राहायला लागलो.

काम सांगायला सोपं आहे. संस्थेच्या यादीत असलेल्या खेळाडूने रोजचा एक तास आणि एक पत्ता फोनवरून कळवून ठेवायचा, की या वेळात मी इथे सापडेन. आम्ही न सांगता जायचं. बेल वाजवायची, ओळखपत्र दाखवायचं, आणि त्या क्षणापासून नमुना बाटलीत बंद होईपर्यंत खेळाडूला नजरेआड होऊ द्यायचं नाही. बाथरूममध्येसुद्धा नाही. शर्ट छातीपर्यंत वर, पँट गुडघ्यापर्यंत खाली, आणि मी समोर उभा.

"शी! अहो, ह्याला काय नोकरी म्हणायची?" बायको म्हणाली. ती स्वतः नर्स आहे, वॉर्डात तिने काय काय पाहिलंय. पण ती म्हणे, आम्ही आजारी माणसाचं बघतो, तुम्ही धडधाकट माणसाकडे चोर समजून बघता.

तिचं चुकत नव्हतं. ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी आम्हाला सांगितलं होतं की सगळ्यांशी सभ्यपणे वागा आणि कुणावरही विश्वास ठेवू नका. लोकांनी काय काय केलेलं आहे ते ऐकलं की झोप उडते. दुसऱ्याची लघवी पिशवीत भरून मांडीला बांधतात. बेल वाजली की मागच्या दाराने पळतात. मी ते सगळं मन लावून शिकलो आणि नको तितकं अंगवळणी पाडलं. एकदा मुलगी बराच वेळ बाथरूममध्ये होती, आत नळ चालू होता, आणि मी नकळत दाराबाहेर जाऊन उभा राहिलो.

आतून आवाज आला, "बाबा, तू बाहेर का उभा आहे? माझा काही प्रायव्हसी आहे की नाही?"

माझी प्रायव्हसी, असं सुधारायची माझी सवय. त्या दिवशी मी मुकाट्याने खाली आलो.

बाहेर लोक माझ्याकडेही तसंच बघायचे. पहाटेच्या अंधारात काळं जॅकेट घातलेला सावळा माणूस, हातात मोठी बॅग, एका घरासमोर गाडी लावून घड्याळ बघतोय. शेजारच्या खिडकीतला पडदा हलायचाच. मला त्याचं फार काही वाटायचं नाही. पुण्यात शिकत असताना मी खोली बघायला जायचो, तेव्हा घरमालक आधी आडनाव विचारायचे आणि आडनाव ऐकलं की खोली नुकतीच गेलेली असायची. नजरेने मोजलं जाण्याची सवय जुनी होती. आता मोजायचं काम माझ्याकडे आलं होतं, एवढाच फरक.

ही गोष्ट ज्या घराची, तिथे मी पहिल्यांदा गेलो तो जानेवारीत. लेस्टरपासून अर्ध्या-पाऊण तासावरचं गाव, विटांच्या छोट्या घरांची रांग, मागे मैदान. खेळाडू बेसबॉलचा. मी चकितच झालो. इंग्लंडमध्ये बेसबॉल कोण खेळतं? ऑफिसातल्या बाईंनी फोनवर सांगितलं की हा मुलगा अमेरिकेत धंदेवाईक बेसबॉल खेळतो, पिचर आहे, म्हणजे चेंडू फेकणारा. पासपोर्ट ब्रिटिश, म्हणून इथल्या राष्ट्रीय संघातही असतो, म्हणून आपल्या यादीत. हिवाळ्यात तिकडचे सामने बंद असतात, तेव्हा तो आजोबांकडे येऊन राहतो.

दार आजोबांनी उघडलं. उंच, काळे, पाठ अजून ताठ. वय ऐंशीच्या पुढे असावं. बोलणं अमेरिकन, पण अधूनमधून एखादा शब्द अस्सल लेस्टरचा. त्यांना नीट दिसत नसावं, कारण माझं ओळखपत्र त्यांनी नाकाशी नेऊन बराच वेळ पाहिलं.

"इतक्या सकाळी?"

"त्यानेच ही वेळ दिलीय, सर."

तेवढ्यात जिन्याच्या वर तो दिसला. पंचविशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा, उघडाबंब. मी नाव विचारलं, चाचणीला आलोय म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "एक मिनिट," आणि खोलीत जाऊन त्याने दार लावून घेतलं.

नजरेआड. मी बॅग तिथेच टाकून जिना चढायला लागलो.

"ए!" आजोबा खालून गरजले. "माझ्या घरात वर जायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"नियम आहे, सर. तो दिसत राहिला पाहिजे."

"त्याला पँट तरी घालू द्या!"

इंग्रजीत तू आणि तुम्ही वेगळे नसतात. पण त्यांच्या बोलण्यातून मला दोन्ही वेगळे ऐकू यायचे. रागाने किंवा परकेपणाने बोलले की मी तुम्ही असायचो.

मी दार ठोठावलं. त्याने उघडलं, पँट घातलेली होती. मी खोलीभर नजर फिरवली, पलंगाखाली वाकून पाहिलं. काही नव्हतं. तरी मनात पाल चुकचुकलीच. मिनिटभरात पुष्कळ काही करता येतं.

त्यात पहिला नमुना पातळ निघाला. खूप पाणी प्यालं की असं होतं, आणि मुद्दाम पाणी पिऊन नमुना पातळ करणारेही असतात. नियमाप्रमाणे दुसरा घ्यावा लागतो, म्हणजे परत वाट बघणं आलं. या नोकरीत खरं काम वाट बघण्याचंच असतं. आम्ही तिघे स्वयंपाकघरात बसलो. आजोबांनी कॉफी केली. मला विचारलं नाही, पण कप तीन ठेवले.

"इथे आमच्या गल्लीत आणखी कुणाकडे येता?" त्यांनी विचारलं.

"ते मला सांगता येत नाही. पण कुणाकडे जायचं ते चिठ्ठी काढल्यासारखं असतं. योगायोग."

"योगायोग." त्यांनी तो शब्द तोंडात घोळवला. "माझ्या आयुष्यात असे पुष्कळ योगायोग झाले. हॉटेलात खोली योगायोगाने शिल्लक नसायची. पोलीस योगायोगाने माझीच गाडी थांबवायचे."

नातू हसला. "आजोबा, सांगा ना त्यांना तुमचं."

मग त्यांनी सांगितलं. तरुणपणी तेही बेसबॉल खेळले होते, पगारी. कॅचर होते, म्हणजे फलंदाजाच्या मागे उकिडवं बसून पिचरचा चेंडू झेलणारा. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका छोट्या शहराचा क्लब, सगळ्यात खालच्या पायरीवरचा. तिथून चढत चढत वर जायचं असतं. बसने रात्रंदिवस प्रवास. संघाची बस हॉटेलपाशी थांबली की बाकीचे आत जायचे, आणि हे आणि आणखी एक काळा खेळाडू पुढे वस्तीत एका विधवा बाईंच्या घरी झोपायला जायचे. हॉटेलात त्यांना चालत नसे. जेवायला थांबले की ड्रायव्हर कागदी पिशवीतून यांचं जेवण बसमध्ये आणून द्यायचा.

"ज्याला मी मैदानात हाताने खुणा करून सांगायचो कुठे चेंडू टाक, तो माझ्याच संघातला पिचर आत टेबलावर बसून जेवायचा. मला काचेतून दिसायचा."

"मग पुढे?"

"पुढे फौजेची सक्तीच्या भरतीची चिठ्ठी आली. हवाई दलात गेलो, अमेरिकेच्या इकडच्या तळावर बदली झाली, एका नाचाच्या कार्यक्रमात लेस्टरची मुलगी भेटली. ती होजिअरीच्या कारखान्यात होती. मीही तिथेच मेकॅनिक झालो, कारखाना बंद पडेपर्यंत."

मला त्यांना पुण्यातल्या खोल्यांचं सांगावंसं वाटलं. पण मी ड्युटीवर होतो, आणि ट्रेनिंगमध्ये हेही सांगितलेलं असतं की खेळाडूच्या घरच्यांशी जवळीक करू नका. गोड बोलून लक्ष दुसरीकडे नेणं ही जुनी युक्ती. म्हणून मी कॉफी पीत पीत नातवाच्या हातांवर नजर ठेवून बसलो.

नातवाचं असं की तो याच घरात वाढला. आई लवकर गेली, आजी-आजोबांनी सांभाळला. मागच्या मैदानात बाकीची मुलं क्रिकेट खेळायची आणि हे दोघे एका कोपऱ्यात चेंडू फेकायचे. सोळाव्या वर्षी आजोबांनी त्याला अमेरिकेत आपल्या बहिणीकडे पाठवलं, तिथल्या शाळेच्या संघात तो चमकला, एका मोठ्या क्लबने त्याला उचललं आणि आपल्या खालच्या संघांमध्ये टाकलं. तेव्हापासून तो पायऱ्या चढत होता. कधी वर जायचा, कधी खाली पाठवायचे. एका फ्लॅटमध्ये पाच-सहा जण, हवा भरायच्या गाद्यांवर. सगळ्यात वरच्या पायरीवर पाय पडलेला नव्हता.

"या वर्षी पडेल," आजोबा म्हणाले.

दुसरा नमुना नीट आला. काही दिवसांनी ऑफिसातून कळलं, निर्दोष. मी विसरून गेलो.

मे महिन्यात त्याच घरी जायचं फर्मान आलं. मला आधी ते खटकलं. एव्हाना मी त्या खेळाची थोडी माहिती काढली होती. वसंतात सामने सुरू होतात ते पानगळ लागेपर्यंत. मग ऐन हंगामात हा माणूस अमेरिका सोडून इथे काय करतोय?

बेल वाजवली. आजोबा आले. "तो नाही. पळायला गेलाय."

"कधी येईल?"

"येईल. खांदा दुखावलाय ना त्याचा. क्लबने बरा व्हायला घरी पाठवलंय."

मी आत पॅसेजमध्ये पाहिलं. त्याचे पळायचे बूट जागेवर होते. शेजारी खेळायचे, तळाला खिळे असलेले बूट, त्यांच्यावरचा चिखल वाळून त्याला भेगा पडलेल्या. त्याने दिलेला तास संपेपर्यंत गाडीत बसून राहिलो. तो आला नाही. नियमाप्रमाणे मी 'सापडला नाही' अशी नोंद केली. वर्षभरात असं तीनदा झालं की खेळाडूवर बंदी येते, मग औषध घेतलेलं असो वा नसो.

घरी येताना मी मनात सगळं जुळवत होतो. दुखापत, हंगामाच्या मध्येच घरी येणं, दिलेल्या वेळी गायब, आजोबांचं खोटं बोलणं. दुखापत लवकर बरी व्हावी म्हणूनच तर लोक नको ती इंजेक्शनं घेतात. आमच्या धंद्यात याहून ठळक चित्र क्वचितच दिसतं.

"तुम्हाला तो सापडायला हवाय का?" बायकोने विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे निर्दोष निघाला तर तुम्हाला बरं वाटेल की वाईट?"

नर्स माणसं नको तिथे बोट ठेवतात.

पुढे जूनमध्ये बायको नागपूरला निघाली. भावाच्या मुलीचं लग्न होतं. सकाळचं विमान, मी तिला विमानतळावर सोडलं आणि परत येताना पेट्रोल भरायला थांबलो. त्या भागात पार्सलांची मोठमोठी गोदामं आहेत. शिफ्ट सुटली होती, बसस्टॉपवर पिवळ्या जॅकेटातली माणसं उभी होती. त्यांत तो होता. ते खांदे मी लगेच ओळखले. उजवा हात डाव्या हाताने धरून उभा होता. एक माणूस त्याच्याजवळ आला, एक छोटी पांढरी डबी त्याच्या हातात दिली, आणि त्याने ती पटकन खिशात टाकली.

मी त्याच्याकडे गेलो नाही. पेट्रोलची नळी परत जागेवर लावली, पैसे दिले आणि घरी येऊन ऑफिसातल्या बाईंना फोन केला. जे पाहिलं ते सगळं सांगितलं. परदेशातून येणारी पार्सलं, रात्रपाळी, डबी. माझं कामच ते होतं. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. परत जा."

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा पहाट चांगलीच उजाडली होती. बेल वाजवली आणि दार जवळजवळ लगेच उघडलं. आजोबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. चेहरा खुललेला.

"आलात! तो आहे, तो आहे. ए, अरे, चाचणीवाले आलेत!"

चाचणीवाल्याचं असं स्वागत कुणी करत नाही. माझा संशय आणखी वाढला. नातू खाली आला, डोळे लाल, झोप न झालेले. माझ्यापुढे वर चालायला लागला. बाथरूममध्ये शिरल्यावर त्याने पहिली गोष्ट कुठली केली असेल तर ही, की बेसिनचा नळ मोठा सोडला.

"नळ बंद कर," मी म्हणालो.

"नको."

"बंद कर. का सोडलायस?"

"आजोबांना खाली ऐकू जाईल." त्याने आवाज आणखी खाली आणला. "मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

मला वाटलं, आता कबूल करणार. मी एक पाऊल मागे झालो आणि दोन्ही हात दिसतील असा उभा राहा म्हणालो. तो राहिला. हातात रिकामं भांडं, शर्ट वर गुंडाळलेला. त्या अवस्थेत त्याने सांगितलं.

"मला मार्चमध्येच काढलं. सरावाच्या कॅम्पमधून."

"काढलं म्हणजे?"

"म्हणजे रिलीज. सकाळी लॉकरपाशी गेलो तर तिथे एक माणूस उभा होता. म्हणाला, ऑफिसात बोलावलंय, येताना बॅग घेऊन ये. बॅग घेऊन ये म्हटलं की सगळं कळतं. बाकीचे लगेच बुटांच्या नाड्या बांधायला लागतात, तुमच्याकडे कुणी बघत नाही."

"म्हणजे तू आता खेळाडू नाहीस."

"नाही. पार्सलांच्या गोदामात आहे, रात्रपाळीला. आजोबा झोपले की निघतो, सकाळी पळायला गेलो होतो म्हणून सांगतो. मे महिन्यात तुम्ही आलात तेव्हा माझी बस चुकली होती."

"अरे मग आम्हाला कळव ना! मी खेळणं सोडलं, एवढं एक ओळीत लिहून टाक. नाव निघेल. रोज उठून वेळ कळवायला नको, पहाटे कुणी दारात यायला नको."

"तेच तर नकोय मला."

नळ धो धो वाहत होता. तो भांड्याकडे बघत बोलत राहिला. "आजोबांना मी सांगितलंय की खांदा दुखतोय, क्लबनेच घरी पाठवलंय. आधी त्यांनी मानलं. मग विचारायला लागले, क्लबचा फोन कसा येत नाही? डॉक्टर कोण आहे? तिकीट कधीचं आहे? रोज एक नवा प्रश्न. त्यांना संशय आला होता. आणि मग तुम्ही आलात. मी घरी पोचलो तर ते खुशीत. म्हणाले, ते लोक तुला शोधत आले होते. म्हणजे तू आहेस अजून त्यांच्यात."

मला लगेच त्याच्यावर दया आली असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हा, की गोष्ट छान आहे. दया आली की नजर हटते आणि नजर हटली की भांड्यात काय पडलं ते कळत नाही. मी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि नजर हलवली नाही. त्याने नमुना दिला. बाटल्या त्यानेच बंद केल्या, मी तपासल्या.

मग मी म्हणालो, "हे बघ, तू मला हे सांगितलंस, आता मला ते कळवावं लागेल. त्यापेक्षा तू स्वतः कळव. या आठवड्यात. आणि खाली ते बसलेत, त्यांनाही सांग."

त्याने नळ बंद केला.

खाली कॉफी तयार होती. आजोबा टेबलाशी ताठ बसले होते. मी बॅग आवरत असताना त्यांनी विचारलं, "नाव आहे ना अजून त्याचं?"

"आहे, सर. म्हणून तर आलो."

ते खरंच होतं. नातू खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

नमुना निर्दोष निघाला. काही दिवसांनी ऑफिसातल्या बाईंचा फोन आला की त्या मुलाने स्वतःच लिहून कळवलंय, नाव यादीतून निघालं. माझ्या दृष्टीने फाइल बंद. त्या पांढऱ्या डबीत काय होतं ते मात्र मला कधीच कळलं नाही. साध्या वेदनेच्या गोळ्या असतील. नसतीलही.

बायको नागपूरहून आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. म्हणजे, नाव-गाव न घेता. तिने शेवटी एकच विचारलं, "अहो, पण त्या म्हाताऱ्या माणसाला सांगितलं का त्याने?"

ते मला माहीत नव्हतं. आणि एकदा तिने विचारल्यावर ते डोक्यातून जाईना. यादीतल्या खेळाडूकडे कामाशिवाय जायला बंदी असते, पण तो आता यादीत नव्हता. ऑगस्ट संपता संपता एका शनिवारी दुपारी मी ओळखपत्र घरी ठेवून, जॅकेट न घालता, तिकडे गेलो. बायकोने निघताना चिवड्याची पिशवी हातात दिली.

दार साखळी लावून किलकिलं उघडलं. फटीतून आजोबांचा चेहरा.

"तो आता तुमच्यात नाही," ते म्हणाले.

म्हणजे कळलं होतं. "ठाऊक आहे, सर. मी सहज आलो."

"तुम्हाला कुणी पाठवलं?"

"कुणी नाही."

"तुमच्यासारखी माणसं कुणी पाठवल्याशिवाय येत नाहीत." त्यांची नजर पिशवीवर गेली. "त्यात काय आहे?"

"खायचं आहे. पोहे, शेंगदाणे. माझ्या बायकोने केलंय."

त्यांनी पिशवी फटीतून आत घेऊन हुंगली. मग साखळी काढली. स्वयंपाकघरात त्यांनी चिवडा बशीत ओतला, पण मी आधी घास घेईपर्यंत त्याला हात लावला नाही.

नातवाने त्यांना एका रविवारी जेवण झाल्यावर सांगितलं होतं. ते भयंकर चिडले. दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

"काढलं म्हणून नाही चिडलो," ते म्हणाले. "माझ्याशी नाटक केलं म्हणून. या घरात, माझ्या टेबलाशी बसून. मी त्याच्या खांद्याला रोज तेल चोळत होतो! धडधाकट खांद्याला!"

मला हसू आलं, ते मी चिवड्यात लपवलं. त्यांना दिसलं नसावं. मग हळू आवाजात, घरात दुसरं कुणी नसतानाही, म्हणाले, "आणि दोन दिवस मी हाच विचार करत होतो की मला चिडायचा हक्क काय? फौजेची चिठ्ठी मला आली नव्हती."

मला आधी संदर्भच लागला नाही.

"जानेवारीत तुला सांगितलं ना, फौजेने बोलावलं म्हणून खेळ सुटला. सगळ्यांना तेच सांगितलं. बायकोलाही. ती गेली तोवर ती तेच समजत होती. खरं म्हणजे क्लबने मला दुसऱ्याच उन्हाळ्यात काढलं. हॉटेलात चालत नाही म्हणून नाही, रंगामुळे नाही. तसं असतं तर मी ते छातीठोकपणे सांगितलं असतं. कॅचरलाही फलंदाजी करावी लागते, आणि मला वळणारा चेंडू मारता येत नव्हता, बस. आईला तोंड कसं दाखवू म्हणून मी घरी गेलोच नाही, सरळ हवाई दलाच्या भरतीला गेलो."

"हे नातवाला सांगितलंत?"

"सांगितलं. तो इतका हसला की मला परत राग आला."

त्यांनी चिवड्याचा मोठा बकाणा भरला. तिखट लागलं, पाणी प्यायले, परत खाल्ला. मग सरळ माझ्याकडे बघून विचारलं, "तिसऱ्यांदा आलास तो योगायोगाने?"

मला 'ते सांगता येत नाही' म्हणता आलं असतं. नियमही तसाच आहे. पण मी त्या दिवशी कामावर नव्हतो.

"नाही. मी त्याला गोदामापाशी पाहिलं होतं. ऑफिसला मीच कळवलं."

मला वाटलं, आता दार दाखवतील. त्यांनी टेबलावर हाताचा तळवा आपटला. "मला वाटलंच होतं! पहिल्या दिवसापासून वाटत होतं. हा माणूस पलंगाखाली वाकून बघतो म्हणजे हा गप्प बसणारा नव्हे." आणि चक्क समाधानाने खुर्चीत मागे टेकले. "या वयात माझे फार थोडे अंदाज बरोबर निघतात. बरं वाटलं."

तेवढ्यात नातू आला. आता त्याला दिवसपाळी मिळाली होती. स्वयंपाकघराच्या दारात मला पाहून तो जागच्या जागी थबकला, आणि त्याचा हात आपसूक शर्टाच्या कडेला गेला. आजोबांनी सांगितलं की हा चिवडा घेऊन आलाय, तेव्हा त्याने हात खाली घेतला, पण माझ्यापासून सगळ्यात दूरच्या खुर्चीवर बसला. निघताना मात्र गाडीपर्यंत सोडायला आला. लेस्टरच्या विद्यापीठातल्या मुलामुलींचा एक बेसबॉल क्लब आहे, त्यांना तो गुरुवारी संध्याकाळी शिकवतो म्हणाला. पगार नाही, पेट्रोलपुरते देतात. "आजोबांनाही घेऊन जातो. तुम्हीही या हवं तर."

मी गेलो. एकदा गेलो, मग बऱ्याचदा गेलो. आजोबा मैदानाच्या कडेला लावलेल्या गाडीत काच खाली करून बसतात, मी शेजारी. त्यांना चेंडू दिसत नाही, पण तो चामड्याच्या ग्लव्हमध्ये आपटल्याचा आवाज ऐकून ते सांगतात की कसा पडला. पहिल्या दिवशी नातवाने स्वतः काही चेंडू टाकून दाखवले. मी आयुष्यात इतक्या जोरात कुणाला काही फेकताना पाहिलं नव्हतं. खांद्यात काही दोष असणं शक्यच नव्हतं. माझं डोकं लगेच जुन्या वाटेने चालायला लागलं. इतकं चांगलं फेकतो, तर मग काढलं का? काही भानगड तर नव्हती?

मी आजोबांना तसं विचारलंच.

"भानगड कसली? तिकडे याच्याहून जोरात टाकणारे रांगेत उभे आहेत. हा खूप चांगला आहे. पण तिथे खूप चांगले पुष्कळ असतात."

एवढंच होतं. मी त्या घराच्या पलंगाखाली, बुटांच्या चिखलात, खिशातल्या डबीत शोधत फिरलो, आणि हे साधं उत्तर मला एकदाही सुचलं नव्हतं. कदाचित त्यालाही ते पचवायला जड गेलं असेल. दुखापत सांगायला सोपी असते.

मैदानात एक चष्मेवाली विद्यार्थिनी चेंडू टाकायला उभी होती. नातू तिची बोटं चेंडूवर नीट ठेवून देत होता. तिने टाकला, तो मध्येच टप्पा खाऊन लांब गेला.

"कोपर वर!" आजोबा गाडीतून ओरडले.

मैदानावरच्या सगळ्यांनीच कोपरं वर केली. नातवानेसुद्धा.

"तू नाही रे!" आजोबा म्हणाले, आणि मला कोपराने ढोसून विचारलं, "त्यानेही केलं ना? केलं असणार."